कपाळाचं हाड आणि जीन्सचा रिपोर्ट

माझं सोलापुरात मेडिकलचं दुकान आहे, एका मोठ्या हॉस्पिटलच्या गेटपासून पन्नास-साठ पावलांवर, त्यामुळं डोक्याला मार लागलेल्या पेशंटपेक्षा त्यांच्या घरची माणसं माझ्या जास्त ओळखीची. पेशंट आत आयसीयूत असतो, काउंटरवर येतात भाऊ, बायको, मेव्हणा, कधी कारखान्याचा मुकादम. पहिल्या आठवड्यात बिलाकडं कुणी बघत नाही, चिठ्ठीवर असेल ते सगळं द्या म्हणतात, दुसऱ्या महिन्यात अर्धी स्ट्रिप कापून मागतात आणि चौथ्या महिन्यात डायपरचं अख्खं पाकीट न घेता "सुटे दोन मिळतील का" विचारतात. हे सुटे दोन मागायला लागले की मला कळतं, फिजिओवाला बंद झालाय.

मागच्या हिवाळ्यात, गड्डा यात्रेच्या आसपास, पूर्व भागातल्या एक अक्का हातात घडी घातलेलं चकचकीत पत्रक घेऊन आल्या. नवरा यंत्रमागावर कामाला, रात्रपाळी संपवून अक्कलकोट रोडनं घरी येताना मागून टेम्पोनं उडवलेलं, हेल्मेट होतं पण हँडलला लटकवलेलं. कॅज्युअल्टीच्या कागदावर ई२ व्ही२ एम५ असं लिहिलेलं, म्हणजे शुद्धीचे पंधरापैकी नऊ मार्क. सूज एवढी होती की डॉक्टरांनी कवटीचा तळहाताएवढा तुकडा काढला आणि तो जपून राहावा म्हणून पोटाच्या कातडीखाली ठेवला. असं करतात, नंतर तोच तुकडा परत बसवतात. तर ह्या अक्कांनी पत्रक काउंटरवर उलगडलं आणि म्हणाल्या, अण्णा, हे करून बघू का, थुंकी दिली की जीन्स तपासतात आणि माणूस किती सुधारणार ते सांगतात म्हणे. मी चष्मा शोधत होतो तेवढ्यात त्याच पुढं म्हणाल्या, "म्हंजे कपाळात काय लिवलंय ते कळतंय, तसंच न्हवं?"

मला काय बोलावं सुचेना. त्या माणसाच्या कपाळाचं हाड तेव्हा त्याच्या पोटात होतं.

तेव्हापासून हा विषय डोक्यातून जात नाही म्हणून लिहायला घेतलंय. माझं म्हणणं सरळ आहे, डोक्याच्या मारातून कोण किती सावरतो यात जीन्सचा, म्हणजे आईबापाकडून आलेल्या जनुकांचा, वाटा आहे, ते थोतांड अजिबात नाही, पण आपल्याकडं ते ज्या वाटेनं येतंय ना, त्या वाटेनं ते कपाळाच्या जागेवर येऊन बसणार आहे, आणि कपाळ निदान फुकट तरी होतं. रिपोर्टला पैसे पडतात, आणि तो रिपोर्ट उद्या त्याच पेशंटच्या विरोधात वापरला जाऊ शकतो.

आधी विज्ञान काय म्हणतं ते बघू, कारण त्यात एक गंमतशीर गोष्ट आहे आणि ती ग्लासगोची आहे. तो नऊचा आकडा आला कुठून? स्कॉटलंडमधल्या ग्लासगो शहरातून. १९७४ साली तिथल्या टीसडेल आणि जेनेट ह्या दोन डॉक्टरांनी शुद्ध मोजायची सोपी पद्धत काढली, डोळे उघडण्याचे चार मार्क, बोलण्याचे पाच, हातपाय हलवण्याचे सहा, सगळे मिळून जास्तीत जास्त पंधरा आणि कमीत कमी तीन. मशीन नको, रक्त नको, पेशंटजवळ उभं राहून हाक मारायची, चिमटा काढायचा आणि बघायचं. आज सोलापूरच्या कुठल्याही कॅज्युअल्टीत रात्री दोन वाजता इंटर्न मुलगा हेच करतो. आता गंमत अशी की जीन्सची गोष्टसुद्धा ह्याच टीसडेल साहेबांनी मोठी केली. १९९७ मधे त्यांच्या ग्रुपनं डोक्याला मार लागलेले ९३ पेशंट घेतले आणि त्यांचा एपीओई नावाचा जीन तपासला.

हा एपीओई म्हणजे काय ते आमच्या मार्केट यार्डाच्या भाषेत सांगतो. मेंदूत चरबी लागते, पेशींच्या भिंती चरबीच्याच असतात, मार लागून भिंती फुटल्या की दुरुस्तीसाठी ती एका जागेवरून दुसऱ्या जागी न्यावी लागते, आणि एपीओई जीनवरून बनणारं प्रोटीन हे त्या चरबीचा हमाल आहे. कांद्याच्या गोण्या वाहणारे हमाल असतात तसा. माणसात ह्या हमालाचे तीन प्रकार सापडतात, दोन, तीन आणि चार असे नंबर आहेत, सगळ्यात जास्त लोकांत तीन नंबर असतो. चार नंबरवाला जरा बदनाम, म्हातारपणी अल्झायमर होण्याचा धोका वाढवतो हे १९९३ पासून माहिती आहे. तर ग्लासगोत काय दिसलं, चार नंबर असलेले ३० जण होते, त्यातल्या १७ जणांची सहा महिन्यांनी अवस्था वाईट, म्हणजे मेलेले, किंवा डोळे उघडे पण भान नाही असे, किंवा पूर्ण दुसऱ्यावर अवलंबून. चार नंबर नसलेले ६३, त्यातल्या १६ जणांचीच अशी अवस्था. म्हणजे ५७ टक्के विरुद्ध २५ टक्के. त्याच वर्षी अमेरिकेत ३० बॉक्सरांचा अभ्यास आला, जे खूप मॅचेस खेळले होते त्यांच्यात चार नंबरवाल्यांच्या मेंदूची हालत जास्त खराब होती. झालं, जगभर बोभाटा, डोक्याच्या माराचा जीन सापडला.

आणि मग त्याच ग्लासगोच्या लोकांनी, हे मला फार आवडलं, स्वतःचाच निष्कर्ष परत तपासला. ह्यावेळी हजारावर पेशंट घेतले. २००५ मधे छापलं की सगळ्यांचा मिळून हिशेब केला तर फरक दिसतच नाही, लहान वयाच्या पेशंटमधे तेवढा थोडा इशारा मिळतो. स्वतःच्या गाजलेल्या पेपरची हवा स्वतःच काढायला दम लागतो, आपल्याकडं तर एकदा छापून आलेलं औषध कुणी मागं घेत नाही. पण जाहिरातीच्या पत्रकात पहिला आकडा येतो, दुसरा येत नाही. त्या अक्कांच्या पत्रकातही नव्हता, मी दोनदा वाचलं.

दुसरा नेहमी येणारा जीन बीडीएनएफ. हा मेंदूतलं खत बनवतो म्हणा, नव्या जोडण्या व्हायला त्याचा उपयोग होतो. त्यात एका जागी एक अक्षर बदललेलं असतं काही जणांत, आणि बदललेलं असेल तर हे खत पेशीतून नीट बाहेर पडत नाही, म्हणून तो बदल वाईट समजला जायचा. मग व्हिएतनाम युद्धात डोक्याला मार लागलेल्या अमेरिकन सैनिकांना कित्येक दशकं फॉलो करून तपासलं तर त्यांच्यात हा वाईट समजलेला बदल असलेल्यांचीच बुद्धी जास्त टिकलेली निघाली! दुसऱ्या काही अभ्यासांत ह्याच्या उलट. म्हणजे एकाच अक्षराला एक जण शाप म्हणतोय, दुसरा वरदान. त्याच सैनिकांत एक गोष्ट मात्र ठळक दिसली, जखमेआधी भरतीच्या वेळच्या परीक्षेत ज्याला चांगले मार्क होते तो नंतरही जास्त सावरला.

आता मोठा अभ्यास. २०२२ मधे युरोप-अमेरिकेतल्या हॉस्पिटलांनी मिळून ५,२६८ पेशंटांचा अख्खा जीनोम, म्हणजे माणसाचा सगळा डीएनए, चाळला. एकही जागा अशी सापडली नाही की जी एकटी ठरलेल्या कडक कसोटीला उतरेल. आधीच्या अभ्यासांत नावं आलेले ७५ बदल त्यांनी मुद्दाम परत तपासले, त्यातल्या एकालाच थोडाफार आधार मिळाला आणि तोही आपला एपीओई नाही, शरीराच्या प्रतिकारशक्तीशी संबंधित दुसराच. पण सगळे बारीक बारीक बदल एकत्र धरले तर अनुवंशिकतेचा वाटा साधारण २६ टक्के येतो असा अंदाज त्यांनी मांडला. म्हणजे जीन्सचा वाटा आहे, चांगला पाव हिस्सा आहे, पण तो हजारो बदलांत चिल्लर होऊन पसरलेला आहे, आणि ती चिल्लर मोजून एका माणसाचं भविष्य सांगणं आज तरी कुणाला जमत नाही.

हे २६ टक्के लोक फार चुकीचं वाचतात, म्हणून इथं जरा थांबतो. त्याचा अर्थ असा नाही की अक्कांच्या नवऱ्याच्या सुधारण्यातला पाव भाग थुंकीत लिहिलाय. तो आकडा माणसामाणसातल्या फरकाचा आहे, आणि फरक कशामुळं पडतो हे परिस्थितीवर ठरतं. सोलापूरकराला समजावं असं सांगायचं तर, एका शेडमधे वीस माग आहेत, सगळे सारखे, सगळ्यांचं तेलपाणी वेळेवर, तर टॉवेलच्या क्वालिटीत जो फरक पडेल तो सुताचा. आता दुसऱ्या शेडमधे जा, निम्म्या मागांचे धोटे झिजलेत, दोन मागांना पट्टाच नाही, लाईट दिवसातून चारदा जाते, तिथं टॉवेल वाईट निघाला तर सुताला शिव्या घालणारा मालक मूर्ख म्हणावा लागेल. सूत तेच आहे हो. तो २६ टक्क्यांचा आकडा पहिल्या शेडमधला आहे, जिथं ॲम्ब्युलन्स वेळेत येते, सीटी स्कॅन लगेच होतो, न्यूरोसर्जन हजर असतो. आमच्याकडं एक पेशंट तासाभरात टेबलावर असतो आणि दुसरा तालुक्याच्या गावातून आधी एका नर्सिंग होममधे, तिथून दुसऱ्या, तिथून आमच्या गेटवर, असा आठ-नऊ तासांनी पोचतो. ह्या दोघांत जो फरक पडणार त्यात जीन्सचा हिस्सा उरतो किती?

आणि हे आठ तास नुसते वाया जात नाहीत, ते मेंदू खातात. डोकं आपटतं तो एक मार, तो झाला तर झाला, त्याचं कुणी काही करू शकत नाही. पण खरं नुकसान पुढच्या तासांत आणि दिवसांत वाढत जातं, सूज येते, रक्त साठतं, ऑक्सिजन कमी पडतो, बीपी उतरतं. गंभीर मारात वरचं बीपी एकदा जरी ९० च्या खाली गेलं तरी मृत्यूचा धोका जवळपास दुप्पट होतो हे १९९३ पासून छापलेलं आहे. बीपी सांभाळायला सलाईन आणि लक्ष लागतं. माझ्या दुकानात बायकांना पाळीत जास्त अंगावर जातं त्यासाठी ट्रानेक्सामिक ॲसिडच्या गोळ्या रोज जातात, तेच औषध इंजेक्शनमधून डोक्याला मार लागल्यापासून तीन तासांच्या आत दिलं तर सौम्य आणि मध्यम मारातले मृत्यू कमी होतात, हे २०१९ मधे २९ देशांतल्या १२ हजारावर पेशंटांवर तपासून झालंय. काही फार महाग औषध नाही. पण तीन तासांच्या आत. बार्शी, मंगळवेढा, अक्कलकोटच्या रस्त्यावरून, मधली दोन हॉस्पिटलं करत, तीन तासांत.

(उलटी गोष्टही सांगतो, कारण तीही औषधवाल्यानंच सांगावी. सूज उतरावी म्हणून कितीतरी वर्षं डोक्याच्या मारात स्टिरॉइड द्यायचे, ऐकायला एकदम बरोबर वाटतं. २००४ मधे दहा हजार पेशंटांवर तपासलं तर स्टिरॉइड दिलेले जास्त मेले. त्यामुळं "ऐकायला बरोबर वाटतं" ह्या गोष्टीची मला भीती वाटते.)

हेल्मेटचं तर काय बोलायचं. नीट घातलेल्या हेल्मेटनं डोक्याला मार लागण्याचा धोका ६९ टक्के आणि मृत्यूचा ४२ टक्के कमी होतो, असं जगभरचे अभ्यास एकत्र करून काढलेलं आहे. आणि आपल्या देशात २०२२ ह्या एका वर्षात हेल्मेट न घातलेले ५०,०२९ लोक मेले, हा सरकारचाच आकडा. पुण्याचे लोक हेल्मेटविरोधात मोर्चे तरी काढतात, आम्ही मोर्चा वगैरे काढत नाही, आम्ही घेतो आणि हँडलला लटकवतो. एप्रिलात बेचाळीस-त्रेचाळीस डिग्रीत डोकं उकडतं हे मला मान्य आहे, माझंही उकडतं. पण एखाद्या जीनमुळं धोका ६९ टक्क्यांनी कमी होतो असं उद्या कळलं तर अख्खी सात रस्त्याची पोरं थुंकी द्यायला रांगेत उभी राहतील, आणि इथं तोच फायदा हँडलला लोंबकळतोय.

आता कुणी म्हणेल, अहो पण माहिती मिळत असेल तर काय वाईट आहे, कळू दे की. मी औषधवाला आहे, मी जीन टेस्टच्या विरोधात असूच शकत नाही आणि कारण सांगतो. डोक्याच्या मारानंतर फिट येऊ नये म्हणून पहिला आठवडाभर बऱ्याचदा फेनिटोइन देतात, काहींच्या लिव्हरमधला एक जीन असा असतो की हे औषध हळू संपतं, अंगात साठतं, माणूस झोकांड्या खायला लागतो. फिट्ससाठीच कार्बामाझेपीन देतात, तिथं एक विशिष्ट जीन असेल तर अंगावरची कातडी सोलून निघेल अशी भयानक रिॲक्शन येऊ शकते. असे जीन आधी कळले तर डॉक्टर डोस बदलतो नाहीतर औषधच बदलतो. ही टेस्ट करा, मी स्वतः सांगीन. माझा साधा हिशेब आहे, रिपोर्ट आल्यावर उद्या सकाळी काहीतरी वेगळं करता येणार असेल तर पैसे घाला. एपीओईचा चार नंबर निघाला तर डॉक्टर काय वेगळं करणार? काही नाही. नाही निघाला तर? तरी काही नाही. मग फरक कुठं पडणार तर घरात. चार नंबर निघाला की मोठा दीर म्हणणार, जाऊ दे वहिनी, त्याच्या जीन्समधेच नाही, फिजिओवर कशाला पैसे घालवतेस. आणि नाही निघाला आणि तरीही माणूस सुधारला नाही, तर सगळे तिलाच विचारणार, तू काय कमी केलंस?

अजून एक गोष्ट कुणी सांगत नाही. ही टेस्ट नवऱ्याची असली तरी रिपोर्ट पोरांचाही असतो. बापाला चार नंबरची एक प्रत असेल तर प्रत्येक पोराला ती मिळण्याची शक्यता पन्नास टक्के, आणि तोच चार नंबर अल्झायमरशी जोडलेला. म्हणजे बापाच्या डोक्याला टेम्पोनं मार दिला आणि सातवीतल्या पोरीच्या म्हातारपणाची काळजी आजच घरात आली, फुकटात. डीएनएची रचना शोधणारा जेम्स वॉटसन, त्याचा स्वतःचा जीनोम २००७ मधे वाचला गेला तेव्हा त्यानं सांगितलं होतं की एपीओई तेवढा मला दाखवू नका. नोबेलवाल्या माणसाला नको होतं ते, आणि आपण काउंटरवर विकतोय.

अक्कांच्या घरी तर आणखी वेगळंच चाललेलं, त्यांचं लग्न सख्ख्या मामाशी झालेलं, आमच्याकडं तेलुगू आणि कानडी घरांत हे चालतं, तर नात्यातल्या कुणीतरी पिल्लू सोडलं की नात्यात लग्न केलं म्हणून मेंदू कच्चा राहिला. मी म्हटलं अक्का, नात्यातल्या लग्नाचा प्रश्न येतो तो होणाऱ्या पोरांपुरता, दोघांकडं एकच दोष लपलेला असेल तर. तुम्ही कुणाशी लग्न केलं त्यानं मामाचे जीन्स कसे बदलतील? त्या हसल्या. तीन महिन्यांत पहिल्यांदा हसताना बघितलं मी त्यांना.

बरं, जीन्सचे जे आकडे मी वर दिले ते सगळे स्कॉटलंड, अमेरिका, युरोपचे. आमच्या पद्मशाली, लिंगायत, मोमीन, धनगर, लमाण घरांतल्या माणसांच्या जीन्सचं आणि डोक्याच्या माराचं काय नातं आहे ह्यावर त्यातून एक ओळ निघत नाही. जीनोम इंडिया ह्या सरकारी प्रकल्पानं देशभरातल्या १० हजार लोकांचा डेटा जानेवारी २०२५ मधे संशोधकांना खुला केला, चांगली सुरुवात आहे, पण तो निरोगी लोकांचा आहे, अपघाताच्या पेशंटांचा नाही. संशोधन व्हावं, आमच्या इथल्या पेशंटांवर व्हावं, नीट संमती घेऊन, फुकट व्हावं. संशोधनासाठी थुंकी घेणं वेगळं आणि भविष्य सांगतो म्हणून पैसे घेणं वेगळं, ह्याच्यामधली रेघ सरकारनं आखली पाहिजे आणि आज ती मला कुठं दिसत नाही.

आता ज्याच्यासाठी मुख्य हे लिहायला बसलो ते. टेम्पोनं उडवलं म्हटल्यावर केस मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात जाते, टेम्पोची विमा कंपनी समोर असते. नुकसानभरपाई ठरते ती माणूस आता किती कमावू शकतो ह्यावरून, शरीराचं अपंगत्व किती टक्के एवढंच बघून चालत नाही, हे सुप्रीम कोर्टानं २०१० मधे नीट सांगितलंय. २०२० मधे डोक्याला मार लागलेल्या एका लहान मुलीच्या केसमधे त्याच कोर्टानं भरपाई वाढवून साधारण ६२ लाखांवर नेली आणि दिवसरात्र सांभाळायला दोन माणसं लागतील हे धरून हिशेब केला. म्हणजे पेशंट किती सुधारला, का नाही सुधारला, ह्यावर इथं लाखो रुपये अवलंबून असतात. आता कल्पना करा, पेशंटच्या फाईलमधे घरच्यांनीच काढलेला जीन्सचा रिपोर्ट आहे, चार नंबर. कंपनीचा वकील उठून म्हणेल, साहेब, माणूस सुधारला नाही यात टेम्पोचा दोष निम्माच, बाकी निम्मं त्याच्या रक्तात होतं. इंग्रजी कायद्यात ह्याला जुनं उत्तर आहे, १९०१ च्या एका निकालापासूनचं, कवटी अंड्याच्या कवचासारखी पातळ असली तरी फोडणाऱ्यानं पूर्ण भरायचं, समोरचा जसा आहे तसा. तत्त्व चांगलंय. पण ट्रिब्युनलात तडजोडीला बसलेल्या विणकराच्या बायकोला हे तत्त्व कोण सांगणार, तिला सांगतील रिपोर्ट वाईट आहे, देतोय तेवढे घे.

विम्याचंही तेच. जेनेटिक आजार म्हणून सरसकट क्लेम नाकारणं हा भेदभाव आहे असं दिल्ली हायकोर्टानं २०१८ मधे म्हटलं, ते चांगलं झालं. अमेरिकेत २००८ पासून त्यासाठी वेगळा कायदा आहे, जीन्स बघून हेल्थ इन्शुरन्स आणि नोकरीत भेदभाव करता येत नाही, जरी लाईफ इन्शुरन्स त्यातून सुटलाय. आपल्याकडं असा स्वतंत्र कायदा नाही. आधी कायदा येऊ दे, त्यात अपघाताच्या दाव्यात जीन्सचा रिपोर्ट पुरावा म्हणून चालणार नाही हे लिहिलेलं असू दे, मग हव्या तेवढ्या टेस्टा विका. हे उलट्या क्रमानं झालं तर मरणार गरीबच.

आणि पैसे कुठं घालायचे हे विचारत असाल तर माझ्या काउंटरवरून जे दिसतं ते सांगतो. अपघातग्रस्तांसाठी केंद्राची कॅशलेस योजना २०२५ मधे आली, दीड लाखापर्यंत आणि सात दिवसांपर्यंत. सात दिवसांत जीव वाचतो, त्याबद्दल आभारच. पण ग्लासगोवाल्यांनी पेशंट किती सुधारला हे कधी मोजलं? सहा महिन्यांनी. सगळं जग सहा महिने, वर्ष असंच मोजतं, कारण मेंदूला तेवढा वेळ लागतो. आपली योजना सात दिवसांनी संपते आणि उरलेले १७३ दिवस अक्कांच्या मंगळसूत्रावर. अमेरिकेतल्याच एका २०१४ च्या अभ्यासात ७६९ पेशंट होते, कॉलेज पूर्ण केलेल्यांपैकी ३९ टक्के वर्षभरात अपंगत्वाशिवाय सावरले आणि शाळाही पूर्ण न केलेल्यांपैकी १० टक्के. चौपट जवळजवळ. शिकलेल्याच्या मेंदूला जास्त राखीव साठा असतो असं शास्त्रज्ञ म्हणतात, असेल, पण शिकलेल्याच्या घरी पैसा आणि सवडही असते हे मी म्हणतो. काहीही धरा, शाळेनं एवढा फरक पडलेला दिसतो, इतका स्वच्छ फरक जीन्सवाल्यांना अजून एकाही जीनमधे दाखवता आलेला नाही.

अक्कांनी टेस्ट केली नाही. मी नको म्हटलं म्हणून नाही, पैसेच नव्हते. त्या पैशात फिजिओ अजून दीड महिना आला असता पण तेही नव्हतेच, मग त्यांनी स्वतःचं डोकं चालवलं. मालकाकडून तुटक्या सुताचं गाठोडं आणलं आणि रोज सकाळी नवऱ्याला अंगणात बसवून गाठी मारायला लावल्या. विणकराची ती बारीक गाठ, दोन बोटांत धागा धरायचा, अंगठ्याखालून फिरवायचा आणि ओढायचा, वीस वर्षं हा माणूस दिवसाला शेकड्यांनी मारायचा आणि आता धागा बोटात धरायलाच येत नव्हता. पहिल्या दिवशी एकही नाही. दहा-बारा दिवसांनी एक लागली आणि ओढली की सुटली. त्या रोज मोजायच्या आणि कॅलेंडरवर, पाणी कुठल्या दिवशी आलं ते लिहितात ना तिथंच, खाली गाठींचा आकडा. मला दाखवायला आणलं होतं ते पान. चार, चार, सहा, शून्य (त्या दिवशी फिट आलेली), तीन, सात. कुठल्या फिजिओनं सांगितलं असतं तर हेच सांगितलं असतं, रोजच्या कामातलीच हालचाल, परत परत, मोजून, पण इथं कुणी सांगितलं नव्हतं.

हाड परत बसवलं उन्हाळ्याच्या सुरुवातीला. आता तो कांड्या भरण्याचं काम करतो, अर्धी पाळी, मागावर उभा राहत नाही, संध्याकाळी चिडचिड होते, नावं विसरतो, मला मात्र ओळखतो. दाव्याची तारीख दोनदा पुढं गेली, पुढची जूनमधे आहे. फिटची गोळी अजून चालू आहे, रात्रीची एक, आणि स्ट्रिप अक्का आता पूर्ण घेतात.